चिमूटभर यिट्रियम: धातूच्या काचेत छोटी भर कशी ठरवावी, तोलावी आणि तपासावी

माझ्या टेबलावर दोन मोडलेल्या दांड्या आहेत. दोन्ही ५ मिलिमीटर जाड, एकाच तांब्याच्या साच्यात, एकाच दुपारी ओतलेल्या. पहिलीचा भंग करडा आणि कणीदार, खडीसाखरेचा खडा फुटावा तसा. दुसरीचा भंग गुळगुळीत, वळणदार आणि इतका चकचकीत की त्यात ट्यूबलाइट दिसते. दोघींतही तांबं, झिर्कोनियम आणि ॲल्युमिनियम आहे. फरक एवढाच की दुसरीच्या १० ग्रॅममध्ये थोड्या झिर्कोनियमच्या जागी २४० मिलिग्रॅम यिट्रियम गेलं. पहिली साधा स्फटिकी धातू झाली, दुसरी धातूची काच.

मी पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत गेली अकरा वर्षं आर्क फर्नेस, म्हणजे विजेच्या ठिणगीने धातू वितळवणारी भट्टी, सांभाळते. दर वर्षी नवे विद्यार्थी येतात आणि पहिल्याच आठवड्यात विचारतात, "मॅडम, किती टक्के घालू?" हा प्रश्न दुसरा आहे. पहिला प्रश्न: ती भर नेमकं कोणतं काम करणार आहे? ते ठरलं की टक्का कागदावर काढता येतो, आणि ते ठरलं नाही तर शंभर बटणं (वितळवून केलेले मिश्रणाचे छोटे गोळे) वितळवूनही हाती काही लागत नाही. तो हिशोब, आणि त्यामागची हातांची कामं, इथे सविस्तर लिहून ठेवते.

माझे वडील कोल्हापूरजवळ शिरोलीच्या फाउंड्रीत हीट (वितळलेल्या धातूचा घाणा) काढायचे. लेडलमधल्या (ओतायच्या पात्रातल्या) लोखंडात ०.०४ टक्क्यांच्या आसपास मॅग्नेशियम राहिलं की ग्राफाइटच्या पाकळ्यांचे गोळे होतात आणि ठिसूळ बिडाचं चिवट एसजी आयर्न होतं, हे मी शाळेत असतानाच त्यांच्याकडून ऐकलं होतं. म्हणून छोट्या भरीची ताकद मला नवी नव्हती. नवं होतं ते हे की फाउंड्रीत आपण स्फटिकांचं बीज पडावं म्हणून इनॉक्युलंट टाकतो, आणि काच करताना बीज पडूच नये म्हणून भर घालतो.

आधी थोडी पार्श्वभूमी

वितळलेला धातू थंड होताना अणू रांगा लावून स्फटिक बनवतात. रांगा लागायच्या आतच द्रव गोठवला तर अणू विस्कळीतच राहतात. त्यालाच धातूची काच म्हणायचं. १९६० साली अमेरिकेतल्या कॅलटेक या तंत्रज्ञान संस्थेत पोल डुवेझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोनं आणि सिलिकॉनच्या मिश्रणाचा थेंब सेकंदाला सुमारे दहा लाख अंशांच्या वेगाने गार करून ही पहिली काच मिळवली. ती पातळ पापुद्र्याएवढीच होती. पुढे जपानमध्ये सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठात अकिहिसा इनोऊए यांनी आणि कॅलटेकमध्ये विल्यम जॉन्सन यांनी तीन, चार, पाच धातूंची मिश्रणं घेऊन मिलिमीटर आणि सेंटिमीटर जाडीच्या काचा ओतल्या. १९९३ची व्हिट्रेलॉय-१ त्यातली सगळ्यात गाजलेली. तिच्यात अणुटक्क्यांनी (शंभर अणूंमागे किती, या मापाने) २२.५ बेरिलियम आहे. बेरिलियमची धूळ फुफ्फुसांना कायमची इजा करते, म्हणून साध्या प्रयोगशाळेत त्या वाटेला जाऊ नका.

जाडी आणि शीतनवेग यांचं एक ढोबळ सूत्र मी फर्नेसवर चिकटवून ठेवलं आहे: सेकंदाला किती केल्विन, तर १० भागिले त्रिज्येचा वर्ग, त्रिज्या सेंटिमीटरमध्ये. म्हणजे २ मिलिमीटर दांडीच्या पोटात सेकंदाला हजारेक केल्विनचा वेग मिळतो, ५ मिलिमीटरला १६०, आणि १० मिलिमीटरला फक्त ४०. साचा तोच, पण दांडी जाड झाली की स्फटिकांना रांग लावायला पुरेसा वेळ मिळतो. छोटी भर हा वेळ अपुरा पाडते.

भर कोणकोणती कामं करते

पहिलं काम म्हणजे ऑक्सिजन बांधून टाकणं. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण आपल्याकडच्या बहुतेक दांड्या इथेच फसतात.

झिर्कोनियम ऑक्सिजन पिऊन बसतं. त्याच्या पृष्ठभागावरचा थर कानशीने घासून काढता येतो, पण पोटात विरघळलेला ऑक्सिजन तसाच राहतो. गार होताना तो झिर्कोनियम आणि तांब्याला, किंवा झिर्कोनियम आणि निकेलला, धरून अणूंच्या मोठ्या घनाकार पेट्या रचलेला एक स्फटिक उभा करतो. तो स्फटिक हेच बीज, आणि बाकीचं द्रव त्याच्याभोवती रांग लावतं. १९९७ साली कॅलटेकच्या गटाने झिर्कोनियमच्या पाच धातूंच्या मिश्रणाचे थेंब विद्युतक्षेत्रात अधांतरी तरंगत ठेवून, कशालाही स्पर्श होऊ न देता गार केले. ऑक्सिजन काही शे पीपीएमवरून (दहा लाख भागांत किती, ते पीपीएम) काही हजार पीपीएमवर नेल्यावर स्फटिक कितीतरी लवकर उगवले. साच्याची भिंत नव्हतीच, त्यामुळे दोष दुसऱ्या कशाला देता येत नव्हता.

यिट्रियमला ऑक्सिजनची ओढ झिर्कोनियमपेक्षाही जास्त आहे. ऑक्साइड तयार होताना ऑक्सिजनच्या दर मोलमागे झिर्कोनियम सुमारे ५५० किलोज्यूल सोडतं, ॲल्युमिनियम ५६०च्या आसपास, आणि यिट्रियम ६३५. म्हणून द्रवात यिट्रियम असलं की ऑक्सिजन आधी त्याच्याकडे जातो, त्याचं ऑक्साइड होतं, आणि घन पेटीच्या स्फटिकाला हवा असलेला ऑक्सिजन उरत नाही. बीजिंगच्या भौतिकशास्त्र संस्थेतल्या गटाने २००० साली दाखवलं की थोडं यिट्रियम घातलं तर कमी शुद्धतेच्या झिर्कोनियममधूनही जाड काच निघते. ज्यांना महागडं आयोडाइड-शुद्ध (आयोडाइड प्रक्रियेने अतिशुद्ध केलेलं) झिर्कोनियम परवडत नाही, त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

दुसरं काम द्रवाचा वितळबिंदू खाली आणण्याचं. पदार्थशास्त्रज्ञ डेव्हिड टर्नबुल यांनी फार पूर्वी सांगून ठेवलं आहे की काचसंक्रमण तापमान (ज्याखाली द्रव गोठून काच होतो ते) हे वितळबिंदूच्या दोन तृतीयांशाजवळ आलं की द्रव सहज काच होतो. दोघांमधलं अंतर जितकं कमी, तितकी स्फटिकांना मिळणारी खिडकी अरुंद. २००४ साली जॉन्सन यांच्या गटाने तांबं ४६, झिर्कोनियम ४७, ॲल्युमिनियम ७ या मिश्रणात झिर्कोनियमच्या जागी यिट्रियम घालत नेलं. काचेची जाडी ४ मिलिमीटरपासून थेट १ सेंटिमीटरपर्यंत गेली आणि सगळ्यात चांगलं प्रमाण ५ टक्क्यांजवळ निघालं. त्यांनी कारणही स्पष्ट सांगितलं: यिट्रियममुळे वितळबिंदू उतरतो आणि मिश्रण चार धातूंच्या युटेक्टिकजवळ सरकतं, म्हणजे जिथे ते सगळ्यात खालच्या तापमानाला वितळतं तिथे.

तिसरं काम ठरावीक स्पर्धक स्फटिकाची वाट अडवण्याचं. लोखंडाच्या काचांमध्ये लोखंड आणि बोरॉन-कार्बनचा एक मोठा, गुंतागुंतीचा स्फटिक उगवायला टपलेला असतो. तिथे नायोबियमसारखा मोठा अणू किंवा यिट्रियम घातलं की त्या स्फटिकाला स्वतःची मांडणी करायला अणूंची लांबवर हलवाहलव करावी लागते. २००४मध्येच अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या संशोधकांनी लोखंडाच्या सात घटकांच्या मिश्रणात १.५ टक्के यिट्रियम घालून १२ मिलिमीटर जाडीचं काचमय पोलाद ओतलं.

आणि एक उलटं उदाहरण, कारण त्यावरून भरीचं काम फार छान कळतं. जपानमध्ये हिताचीच्या योशिझावा आणि सहकाऱ्यांनी १९८८ साली लोखंड-सिलिकॉन-बोरॉनच्या काचेच्या फितीत १ टक्का तांबं आणि ३ टक्के नायोबियम घातलं आणि ती मुद्दाम तापवली. तांब्याने जागोजागी बीजं पेरली, नायोबियमने त्यांची वाढ रोखली. परिणाम म्हणजे दहा नॅनोमीटरच्या घरातले असंख्य बारीक स्फटिक आणि चुंबकीय अर्थाने अतिशय 'मऊ', म्हणजे सहज चुंबकित होणारा आणि सहज चुंबकत्व सोडणारा पदार्थ. त्याचं नाव फाइनमेट. आपल्याला काच हवी असताना असं तांबं घातलं तर घात होईल, आणि त्यांना स्फटिक हवे असताना यिट्रियमने घात केला असता.

मूलद्रव्य निवडताना दोन आकडे जवळ ठेवा: अणुत्रिज्या आणि मिश्रणउष्णता (दोन धातू मिसळताना घेतली किंवा सोडली जाणारी उष्णता). झिर्कोनियमची त्रिज्या १.६० अँगस्ट्रॉम, तांब्याची १.२८, ॲल्युमिनियमची १.४३, यिट्रियमची १.८०. लहान, मध्यम, मोठे असे सगळे मिसळले की द्रव घट्ट बसतो आणि अणूंना सरकायला जागा उरत नाही. मिश्रणउष्णता ऋण असली की ते दोन धातू एकमेकांना धरून राहतात. झिर्कोनियम-तांबं उणे २३, झिर्कोनियम-ॲल्युमिनियम उणे ४४, यिट्रियम-ॲल्युमिनियम उणे ३८, यिट्रियम-तांबं उणे २२ किलोज्यूल प्रति मोल. पण यिट्रियम-झिर्कोनियम मात्र अधिक ९. ते दोघं एकमेकांना टाळतात. थोडं यिट्रियम असेपर्यंत हे टाळणं उपयोगी पडतं, स्फटिकाची मांडणी बिघडते. फार झालं की द्रवाचेच दोन भाग व्हायला लागतात. पाच टक्क्यांनंतर जाडी पुन्हा का घसरते, ते या एका अधिक चिन्हाकडे पाहून बरंचसं उमगतं.

हिशोब हातानेच करा

सॉफ्टवेअर आहे, पण पहिल्या पाच बटणांचा हिशोब वहीत करा. १० ग्रॅमचं बटण, यिट्रियम २ टक्के, तेवढंच झिर्कोनियम कमी. म्हणजे तांबं ४६, झिर्कोनियम ४५, ॲल्युमिनियम ७, यिट्रियम २. हे अणुटक्के आहेत, वजनाचे टक्के नाहीत. हा गोंधळ मी दर वर्षी बघते. प्रत्येक आकड्याला अणुभाराने गुणा, बेरीज करा, आणि बेरजेला १० ग्रॅम मानून वाटणी करा. तांबं ३.९५२९ ग्रॅम, झिर्कोनियम ५.५५१२, ॲल्युमिनियम ०.२५५४, यिट्रियम ०.२४०५. इथे ॲल्युमिनियमकडे नीट बघा. ते तोलताना १० मिलिग्रॅम चुकलं तर ॲल्युमिनियमच्या वजनाचे ४ टक्के चुकले. तराजू ०.१ मिलिग्रॅमचा हवा आणि पंखा बंद.

आता ऑक्सिजन. समजा तुमच्या झिर्कोनियममध्ये वजनाने १००० पीपीएम ऑक्सिजन आहे. ५.५५ ग्रॅममध्ये तो ५.५५ मिलिग्रॅम होतो, म्हणजे ०.३४७ मिलिमोल. यिट्रियमच्या ऑक्साइडमध्ये तीन ऑक्सिजनमागे दोन यिट्रियम असतात, तेव्हा लागणारं यिट्रियम ०.२३१ मिलिमोल, वजनाने २१ मिलिग्रॅम. आपण घातलंय २४० मिलिग्रॅम. त्यातलं २१ ऑक्सिजन बांधण्यात खर्ची पडलं आणि बाकीचं वितळबिंदू उतरवायला मोकळं राहिलं. अणुटक्क्यांत सांगायचं तर ०.१७ टक्के ऑक्सिजनपायी गेलं.

या एका ओळीवरून टक्का ठरवायची दिशा मिळते. तुमचं काम फक्त ऑक्सिजन बांधायचं असेल, तर ०.२ ते ०.५ टक्क्यांच्या पट्ट्यात शोधा. युटेक्टिककडे सरकायचं असेल, तर १ ते ५च्या. आणि ऑक्सिजनचा आकडाच माहीत नसेल, तर आधी इनर्ट गॅस फ्यूजनने (निष्क्रिय वायूत नमुना वितळवून त्यातला ऑक्सिजन मोजायची पद्धत) तो मोजून घ्या. त्या मोजणीचा खर्च दोन महिन्यांच्या वाया गेलेल्या बटणांपेक्षा कमी असतो, हे मी अनुभवाने सांगते.

तो अनुभव असा. एकदा बारीक दांड्यांची शून्यापासून ५ टक्क्यांपर्यंतची मालिका करत होते. ० आणि १ टक्क्यांच्या दांड्या छान काच झाल्या, २ टक्क्यांची मात्र स्फटिकी. तीन वेळा ओतली, तीनही वेळा तेच. मी महिनाभर यिट्रियमलाच दोष देत होते आणि कारणं शोधत होते. मग वहीत पाहिलं, मालिकेच्या मधेच झिर्कोनियमचा डबा बदलला होता. दोन्ही डब्यांवर शुद्धता तीच लिहिलेली. पुरवठादाराच्या त्या आकड्यात फक्त धातूंची भेसळ धरलेली होती, वायूंची नव्हे, आणि पुष्कळदा झिर्कोनियमसोबत येणारं हाफ्नियमसुद्धा धरलेलं नसतं. नव्या डब्यात ऑक्सिजन कितीतरी जास्त निघाला. तेव्हापासून मी ऑर्डर देतानाच ऑक्सिजनचा पीपीएम आकडा लेखी मागते, आणि एक मालिका एकाच डब्यातून पूर्ण करते.

साफ करणं, तोलणं, वितळवणं

यिट्रियम हवेत काळवंडतं. ते आर्गॉनमध्ये किंवा मिनरल ऑइलमध्ये ठेवा. तोलायच्या अगदी आधी तेल पुसा, ॲसिटोनमध्ये हलवा, वेगळ्या ठेवलेल्या कानशीने चमक येईपर्यंत घासा आणि लगेच तोला. ती कानस दुसऱ्या कुठल्या धातूला वापरू नका. झिर्कोनियमचा कीस बारीक असेल तर ठिणगीने पेट घेतो. तो कागदावर साठू देऊ नका, ओला करून बाजूला काढा.

०.१ टक्का भर हवी असेल तर यिट्रियम फक्त १२ मिलिग्रॅम लागतं. एवढा तुकडा चिमट्यातून उडतो, आर्कच्या झोताने बाजूला फेकला जातो, आणि पृष्ठभागावरचं ऑक्साइडच त्याच्या वजनाचा मोठा हिस्सा असतं. अशा वेळी मास्टर अलॉय करा. वजनाने ९० भाग तांबं आणि १० भाग यिट्रियम एकत्र वितळवून ठेवा. मग १२ ऐवजी १२० मिलिग्रॅम तोलायचं आणि त्यातलं १०८ मिलिग्रॅम तांबं मुख्य तांब्यातून वजा करायचं. ही वजाबाकी विसरू नका.

नायोबियम किंवा टँटलम घालायचं असेल तर प्रश्न वेगळा. नायोबियम २४७७ अंश सेल्सिअसला वितळतं, ॲल्युमिनियम ६६०ला. एकत्र टाकले तर ॲल्युमिनियम उकळत बसतं आणि नायोबियमचा खडा आत तसाच राहतो. आधी नायोबियम आणि झिर्कोनियम एकत्र वितळवा, चार वेळा उलटा, आणि मग बाकीचे घाला.

आमच्या चेंबरमध्ये मी असं रचते: गार तांब्याच्या वाटीत तळाशी ॲल्युमिनियम आणि यिट्रियम, त्यावर तांबं, सगळ्यात वर झिर्कोनियम. आर्क आधी झिर्कोनियमवर पडतो आणि ते वितळून खालच्यांना झाकून घेतं. निर्वात करा, आर्गॉन भरा, पुन्हा निर्वात करा, असं तीनदा. मग बाजूच्या वाटीतलं टायटॅनियमचं बटण आधी वितळवा आणि मिनिटभर धरा. चेंबरमध्ये उरलेला ऑक्सिजन ते ओढून घेतं. गार झाल्यावर ते आरशासारखं लखलखीत राहिलं तर पुढे जा. त्यावर पिवळट किंवा निळी झाक आली तर कुठेतरी गळती आहे. त्या दिवशी दांडी ओतू नका, ओ-रिंग (चेंबरचं रबरी सील) तपासा.

पहिल्या वितळणीत एक क्षण येतो जो प्रत्येकाने वेल्डिंगच्या काचेतून बघावा. झिर्कोनियम लाल, मग पिवळं होत खाली झुकतं, ॲल्युमिनियमला टेकतं, आणि बटण अचानक आर्कपेक्षाही तेजाने भडकतं. ती त्या उणे ४४ किलोज्यूलची उष्णता. त्या क्षणी करंट वाढवलात तर धातू उडतो. हात आवरा, दोन सेकंद थांबा. मग बटण उलटा आणि पुन्हा वितळवा, किमान पाच वेळा. तळ गार तांब्याला टेकलेला असल्यामुळे तिथला धातू प्रत्येक वेळी अर्धवट राहतो आणि छोटी भर तिथेच अडकून बसते. शेवटी वजन करा. १० ग्रॅममधले १० मिलिग्रॅमपेक्षा जास्त कमी भरले, तर काय उडालं याचा छडा लावल्याशिवाय ते बटण वापरू नका.

ओतताना

सक्शन कास्टिंगमध्ये बटण पूर्ण पातळ झालं की खालचा व्हॉल्व्ह उघडतो आणि द्रव साच्यात खेचला जातो. घाई केली तर तळाची न वितळलेली साय साच्यात जाते आणि तिच्यातले स्फटिकच बीज होतात. फार वेळ धरलं तर ॲल्युमिनियम उडतं. आमच्या भट्टीवर द्रव आरशासारखा होऊन थरथरायला लागला की मी मनात पाचपर्यंत मोजते आणि व्हॉल्व्ह उघडते.

नवं मिश्रण असेल तर सरळ दांडी ओतू नका. पाचरीच्या आकाराचा साचा वापरा, टोकाला १ मिलिमीटर आणि वर १० मिलिमीटर. गार झालेली पाचर उभी कापून, पॉलिश करून, एचिंग केली (पृष्ठभाग रसायनाने हलका खाऊ दिला) की खालचा काचेचा भाग कोराच राहतो आणि वरच्या भागात स्फटिकांचे ठिपके दिसू लागतात. कुठल्या जाडीवर ठिपके सुरू झाले, तेवढं मोजा. एका ओतीत अख्खी मर्यादा कळते.

काच झाली का, हे कसं ठरवायचं

एक्सआरडीत (क्ष-किरणांनी अणूंची मांडणी तपासणारी चाचणी) तीक्ष्ण शिखरं नसून एक रुंद उंचवटा आला की विद्यार्थी आनंदतात. थोडं थांबा. काही टक्के स्फटिक असले तरी त्या उंचवट्याखाली ते लपून जातात. दांडीच्या पृष्ठभागावर नव्हे, मधून कापलेल्या चकतीवर मोजा, कारण सगळ्यात सावकाश गार होतो तो मधला भाग. त्यासोबत डीएससी (नमुना तापवत त्यातली उष्णता मोजणारी चाचणी) मिनिटाला २० केल्विनने चालवा. तिथे तीन गोष्टी बघायच्या: काचसंक्रमण, स्फटिकीकरण सुरू होण्याचं तापमान, आणि स्फटिकीकरणाची एकूण उष्णता. त्याच मिश्रणाची मेल्ट-स्पन फीत (फिरत्या गार चाकावर द्रव सोडून झटक्यात गोठवलेली पातळ फीत) करून तिच्या उष्णतेशी तुलना करा. दांडीची उष्णता फितीपेक्षा कमी आली, तर तेवढा भाग आधीच स्फटिक झालेला होता. हा ताळा न करता आकडे जाहीर करू नयेत, असं माझं ठाम मत आहे.

आपल्या तांबं-झिर्कोनियम-ॲल्युमिनियमच्या मिश्रणाचं काचसंक्रमण ७०० केल्विनच्या आसपास असतं. यिट्रियम घातलं की ते खाली सरकतं, पण वितळबिंदूही उतरतो, आणि काचसंक्रमण ते स्फटिकीकरण यांमधली जागा रुंदावते.

आता बळकटी

इथे बऱ्याच जणांची समजूत चुकते. जास्त जाड काच म्हणजे जास्त बळकट काच, असं नाही. ही दोन वेगळी खाती आहेत.

धातूच्या काचा दाबाखाली साधारण २ टक्के स्ट्रेनपर्यंत (मूळ लांबीच्या मानाने झालेला बदल) लवचीक राहतात आणि मग मोडतात किंवा घसरतात. हा २ टक्के आकडा मिश्रणागणिक फार बदलत नाही, म्हणून बळकटी मुख्यतः कडकपणावर, म्हणजे यंग्ज मॉड्युलसवर ठरते. मॉड्युलस ९० गिगापास्कल असेल तर बळकटी १.८ गिगापास्कलच्या आसपास. जॉन्सन आणि साम्वेर यांनी २००५ साली दाखवलं की बळकटी काचसंक्रमण तापमानाशीही बांधलेली आहे. यिट्रियमचा स्वतःचा मॉड्युलस ६४ गिगापास्कलच्या घरात, झिर्कोनियमपेक्षा कमी, आणि ते काचसंक्रमणही खाली आणतं. म्हणून आमच्या ५ टक्क्यांच्या दांड्या जाड निघतात, पण त्या कमी भारावर मोडतात आणि मोडण्याआधी जवळजवळ वाकत नाहीत.

बळकटी वाढवायची तर कडक, उच्च वितळबिंदूचे धातू किंवा बोरॉनसारखे घट्ट बंध करणारे अणू लागतात. लोखंड-कोबाल्ट-बोरॉन-सिलिकॉनच्या मिश्रणात ४ टक्के नायोबियम घातल्यावर इनोऊए यांच्या गटाला ५ मिलिमीटरपर्यंतच्या दांड्या आणि ४ गिगापास्कलजवळची बळकटी, दोन्ही मिळाले. त्या काचा मात्र ठिसूळ असतात. चिवटपणाचा अंदाज पॉइसन गुणोत्तरावरून (एका दिशेने दाबलं की आडवं किती फुगतं, त्याचं प्रमाण) येतो: ०.३१ ते ०.३२च्या खाली गेलं की काच ठिसूळ होते, असं २००५ साली लेवांडॉव्स्की, वांग आणि ग्रीअर यांनी मांडलं. मॉड्युलस आणि पॉइसन गुणोत्तर दोन्ही अल्ट्रासॉनिक पद्धतीने, नमुना न मोडता मोजता येतात, तेव्हा ते आधी मोजा.

चिवटपणा वाढवणारी भरही असते. तांबं आणि झिर्कोनियम निम्मं-निम्मं, त्यात ५ टक्के ॲल्युमिनियम: २००५ साली या काचेने २.२ गिगापास्कलहून जास्त बळकटी आणि मोडण्याआधी १८ टक्क्यांपर्यंत स्ट्रेन दाखवला. धातूच्या काचेच्या मानाने हे फार आहे.

दाबचाचणीसाठी नमुना व्यासाच्या दुप्पट उंचीचा कापा, २ मिलिमीटर व्यासाला ४ मिलिमीटर. हिऱ्याच्या चकतीने, सावकाश, भरपूर कूलंट सोडून. दोन्ही टोकं समांतर हवीत. तिरकी असतील तर कोपरा आधी फुटतो आणि आकडा खोटा येतो. मशिनचा लोड सेल (भार मोजणारा भाग) तपासा: २ मिलिमीटरला १.८ गिगापास्कल म्हणजे सुमारे ५.७ किलोन्यूटन, पण ३ मिलिमीटरला १२.७. आमच्याकडे १० किलोन्यूटनचा सेल आहे, त्यामुळे ३ मिलिमीटरची दांडी मी लावतच नाही. आणि पॉलिकार्बोनेटचं कवच लावल्याशिवाय चाचणी सुरू करू नका. काच मोडते तेव्हा साठलेली सगळी ऊर्जा एका क्षणात सुटते, ठिणग्या उडतात आणि तुकडे गोळीसारखे सुटतात. एका नमुन्यावर विश्वास ठेवू नका, प्रत्येक प्रमाणाचे किमान पाच मोडा. ओतीतलं बारीक छिद्र एका नमुन्याची बळकटी निम्मी करू शकतं.

मालिका लावताना

०, ०.५, १, २, ३, ५ अशी प्रमाणं घ्या. प्रत्येक वेळी कुणाच्या जागी भर घातली ते लिहा, कारण झिर्कोनियमच्या जागी घातलेलं २ टक्के यिट्रियम आणि तांब्याच्या जागी घातलेलं २ टक्के यिट्रियम ही दोन वेगळी मिश्रणं आहेत. प्रमाणं चढत्या क्रमाने ओतू नका, चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवा; नाहीतर आठवडाभरात हळूहळू बिघडणारी ओ-रिंग तुम्हाला यिट्रियमचा परिणाम वाटेल. आणि ओतण्याच्या प्रत्येक दिवशी पहिली दांडी शून्य टक्क्याची ओता. ती नेहमीच्या जाडीला काच झाली नाही, तर त्या दिवशी भट्टीत काहीतरी बिनसलं आहे.

मोडलेल्या दांड्यांचे तुकडे फेकू नका. झिप पाकिटात घाला, आणि पाकिटावर तारीख, मिश्रण, आर्गॉनच्या सिलिंडरचा नंबर, टायटॅनियमच्या बटणाचा रंग आणि बटणाचं आधीचं-नंतरचं वजन लिहा. झिर्कोनियमच्या डब्याचा नंबर सगळ्यात वर, मोठ्या अक्षरात.